वंगण देणारा माणूस

गुडघ्यातलं वंगण संपलंय, अशी तक्रार घेऊन ओपीडीत रोज कुणीतरी येतं. मला तेव्हा एलायजा मॅकॉय आठवतात.

मॅकॉय यांचा जन्म १८४४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत झाला. आई-वडील अमेरिकेतल्या केंटकी राज्यातून गुलामगिरीतून निसटून तिथे आलेले. मुलाचा यंत्रांकडे ओढा पाहून त्यांनी त्याला पंधराव्या वर्षी स्कॉटलंडला, एडिंबरोला शिकायला पाठवलं. इंजिनिअर होऊन तो अमेरिकेत मिशिगनला परतला. पण कृष्णवर्णीय माणसाला त्या दर्जाचं काम कोण देणार? मिशिगन सेंट्रल रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचा आणि यंत्राला तेल द्यायचं, एवढंच काम हाती आलं.

त्या काळी तेल द्यायला गाडी थांबवावी लागे. ठिकठिकाणी उतरायचं, हातानं तेल घालायचं, मग पुढे निघायचं. मॅकॉय यांनी वाफेच्या दाबावर चालणारं तेलपात्र तयार केलं. त्यातून इंजिन चालू असतानाच सिलिंडरला तेल मिळे. १८७२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढे त्यांच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंट जमा झाली. मात्र भांडवल नसल्यानं अनेकांचे हक्क विकावे लागले. स्वतःच्या नावाची कंपनी निघाली ती १९२० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर.

आपल्या सांध्यांची सोय मॅकॉय यांच्या तेलपात्रासारखीच आहे. मोठ्या मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरपेटीतलं तेल उष्णतेनं काळवंडतं. ते ठराविक अंतरानंतर गाळणीसकट बदलावं लागतं. सांध्यातला द्रव मात्र आतलं पातळ आवरण रक्तातून गाळून घेतं, त्यात स्वतःचा बुळबुळीत पदार्थ मिसळतं आणि जुना द्रव शोषून नवा करत राहतं. निरोगी गुडघ्यात तो चमचाभराहूनही कमी असतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण याच द्रवातून होतं आणि हालचालीनं तो तिच्यात मुरतो. म्हणून दुखतं म्हणून चालणंच सोडलं, तर कूर्चेची उपासमार होते आणि मांडीचे स्नायूही दुबळे होतात. झेपेल तेवढं चालावं, मांडीचे व्यायाम करावेत, वजन आटोक्यात ठेवावं. गुडघा सुजला, लाल झाला किंवा सोबत ताप आला, तर मात्र घरी थांबू नये.

१९२२ मध्ये मोटार अपघातात मॅकॉय पती-पत्नी जखमी झाले. पत्नी मेरी त्यातून वाचल्या नाहीत आणि एलायजाही पुरते सावरले नाहीत. पुढे स्मृतिभ्रंशानं गाठलं. १९२९ मध्ये डेट्रॉइटजवळच्या एलॉईज इथल्या सार्वजनिक रुग्णालयात त्यांचा शेवट झाला.

सरकारी रुग्णालयात काम करताना अशी म्हातारी माणसं रोज दिसतात. त्यांच्या केसपेपरवर वय आणि आजार असतो. आयुष्यभर त्यांनी कोणाची चाकं फिरती ठेवली, ते लिहायला तिथे रकाना नसतो. म्हणून गुडघे तपासता तपासता मी एवढं विचारून घेतो, की आधी काम काय करायचात?