राजा जिंजीला असताना स्वराज्याचं ऑफिस सांभाळणारे बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य

कोल्हापूरहून कोकणात उतरताना गगनबावडा लागतो. इथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात आणि डोक्यावर गगनगड उभा असतो. आज लोक इथं पावसाळा बघायला येतात, पण मराठ्यांच्या इतिहासात हे गाव पंत अमात्यांचं बावडा म्हणून ओळखलं जातं.

या घराण्याचे सर्वात गाजलेले पुरुष म्हणजे रामचंद्र नीलकंठ. वडील निळो सोनदेव शिवाजी महाराजांचे मुजुमदार होते. 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत अमात्य म्हणून तरुण रामचंद्रपंत होते. राज्याचा जमाखर्च तपासणं हे अमात्याचं काम.

खरी परीक्षा आली 1689 मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना थेट तमिळनाडूतल्या जिंजीला जावं लागलं. औरंगजेब महाराष्ट्रात ठाण मांडून होता. अशा वेळी मागचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला गेला, तोही हुकूमतपनाह हा किताब देऊन. म्हणजे राजाला न विचारता निर्णय घेण्याचा अधिकार.

विशाळगडासारख्या डोंगरी किल्ल्यांवरून हा कारभार चालला. संताजी घोरपडे, धनाजी जाधव मैदानात लढत होते, तर पंत पैसा, रसद आणि माणसं जमवत होते. तिकडं औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची लालूच दाखवत होता. माणसं फुटू नयेत म्हणून मराठ्यांनाही वतनं द्यावी लागली. शिवाजी महाराजांनी जी पद्धत आवरती घेतली होती, तीच राज्य वाचवण्यासाठी परत आणावी लागली.

याची किंमत पंतांना ठाऊक होती. 1715 च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी तयार झालेलं आज्ञापत्र त्यांच्याच नावावर आहे. त्यात वतनदार डोईजड होऊ देऊ नयेत, टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध राहावं, किल्ला बांधण्याआधी पाणी बघावं, आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं जबरदस्तीनं तोडू नयेत, असं बारीकसारीक सगळं आहे.

पाच छत्रपतींची कारकीर्द पाहिलेले पंत 1716 मध्ये पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तिथंच आहे. बावड्याची जहागीर मात्र पुढं 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन होईपर्यंत त्यांच्या वंशजांकडं राहिली. वतनदारांपासून सावध करणाऱ्या पंतांचं घराणंही अखेर जहागीरदार म्हणूनच ओळखलं गेलं.