योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद

औषधांविना, आसने आणि प्राणायामाच्या साहाय्याने आरोग्य राखता येते, ही धारणा भारतात प्राचीन आहे. ती उपकरणांच्या साहाय्याने तपासून पाहण्याचे कार्य ज्यांनी आरंभिले, त्यांत स्वामी कुवलयानंद अग्रणी होत.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात त्यांनी व्यायामविद्येचे शिक्षण घेतले. पुढे अमळनेर येथे ते अध्यापन करीत. १९१९ मध्ये नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले.

गुरूंवर त्यांची निष्ठा होती. तरीही योगक्रियांची परीक्षा त्यांनी टाळली नाही. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचा अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. यौगिक बस्तीमध्ये पंपाविना पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचेच नाव दिले.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिकही त्याच वर्षी सुरू झाले. १९२७ मध्ये प्रकृती खालावली असता महात्मा गांधींनीही त्यांचा सल्ला घेतला होता.

प्रयोगांचे निष्कर्ष रूढ समजुतींशी नेहमीच जुळले नाहीत. प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो, असे सर्रास मानले जाई. मोजमापांतून या समजुतीला पुष्टी मिळाली नाही. स्वामीजींनी हा निष्कर्ष न दडवता मांडला आणि प्राणायामाचे महत्त्व अन्यत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामांत शोधले.

औषधविरहित म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असे त्यांनी मानले नाही. आसनांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी लाभांबरोबर पथ्येही नमूद केली. कान वाहणाऱ्यांनी किंवा दुर्बल हृदयाच्या व्यक्तींनी शीर्षासनासारख्या आसनांबाबत सावध राहावे, असा इशारा त्यांनी दिला.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. योगशिक्षण, संशोधन आणि उपचार ही त्यांनी आखलेली त्रिविध कार्ये लोणावळ्यात आजही सुरू आहेत.