ऑलिम्पिक गाजविणारा फुटबॉलपटू : नेव्हिल डिसोझा



मुलगा मैदानावरून उशिरा घरी आला की आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. खेळून कुणाचे पोट भरले आहे काय? हा प्रश्न चुकीचा नाही. ज्या घराचे हातावर पोट आहे, त्या घरात तो विचारला जाणारच. पण त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज आपणांस अशा एका खेळाडूची जीवनकहाणी सांगतो, ज्याने एका दुपारी सारे फुटबॉल जग चकित केले आणि ज्याला आपण पुढे जवळजवळ विसरून गेलो. त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ रोजी गोव्यातील आसगाव येथे झाला. त्या काळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पोटापाण्यासाठी गोवेकर मंडळी मुंबईची वाट धरीत. नेव्हिल यांचाही खेळ मुंबईतच नावारूपास आला. त्यांचे धाकटे बंधू डेरेक हेसुद्धा पुढे भारताकडून खेळले.

आजच्यासारखे लाखो रुपयांचे करार त्या वेळी नव्हते. मुंबईत मोठमोठ्या कंपन्यांचे संघ असत. चांगल्या खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे, दिवसा काम आणि संध्याकाळी सराव असा क्रम असे. नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्स क्लबचे खेळाडू होते. मध्य आघाडीवर खेळावे आणि गोल करावेत हे त्यांचे काम. १९५४ साली मुंबईने प्रथमच संतोष ट्रॉफी जिंकली, त्या संघात ते होते. १९५८ साली मुंबईच्या कॅल्टेक्स संघाने मानाचा रोव्हर्स चषक पटकावला, त्या यशातही त्यांचा वाटा होता.

परंतु नेव्हिल यांचे नाव इतिहासात कोरले गेले ते १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमुळे. ती हकीकत सांगण्यापूर्वी एका शिक्षकाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब बी. ए. झालेले, पेशाने शाळामास्तर. काचीगुडा, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. शिकविण्याची हीच हातोटी त्यांनी मैदानावर आणली. दोन्ही पायांनी खेळता यावे म्हणून ते कमकुवत पायाने खेळण्याच्या स्पर्धा भरवीत. चेंडू एकट्यानेच घेऊन पळू नये, तो चटकन साथीदाराकडे द्यावा, यासाठीही त्यांनी खास सामने ठेवले. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता.

अशा उस्तादाच्या तालमीतला संघ मेलबर्नला गेला. कर्णधार बंगालचे समर बॅनर्जी. हैदराबादचे अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, लतीफ, अहमद हुसेन, बलराम आणि झुल्फिकारुद्दीन, बंगालचे पी. के. बॅनर्जी, मुंबईचे गोलरक्षक नारायण आणि नेव्हिल. कुणी मशिदीत जाणारा, कुणी मंदिरात, कुणी चर्चमध्ये. अंगावर जर्सी मात्र एकच.

या संघाकडून कुणाला फारशी अपेक्षा नव्हती. चारच वर्षांपूर्वी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला होता. तेव्हा आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत. त्यानंतरच बूट सक्तीचे झाले.

मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ उतरलाच नाही, म्हणून भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व सामना पडला तो यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतरापूर्वी पुन्हा बरोबरी. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल! ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. शेवटी किट्टू यांनी आणखी एक गोल चढविला आणि भारताने ४-२ असा सामना जिंकला. ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो आशियातील पहिला संघ होय.

४ डिसेंबरला समोर उभे ठाकले तेच युगोस्लाव्हिया. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनीच गोल केला आणि भारत आघाडीवर गेला. ज्यांनी आपल्याला दहा गोलांनी लोळविले, त्यांच्यावर आघाडी! परंतु ती दोनच मिनिटे टिकली. पुढे चार गोल झाले आणि आपण ४-१ असे हरलो. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारताला चौथे स्थान मिळाले. नेव्हिल यांचे एकूण गोल चार. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह यांच्या बरोबरीने ते त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्ता येथे देशाला आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले आणि १९६३ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. नेव्हिल १७ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. १९६१ पासून सुरू झालेल्या अर्जुन पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव शोधून सापडत नाही. १९६० च्या रोम ऑलिम्पिकनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पुन्हा पात्रही ठरलेला नाही. ही खंत मनात बाळगावी अशीच आहे.

पालकहो, आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. नुसत्या खेळावर त्या काळी पोट भरत नव्हते, आणि आपल्या भागात आजही फार थोड्यांचे भरते. म्हणून अभ्यास सोडून खेळा असे मी कधीही सांगणार नाही. पण या हकीकतीतला सर्वात मोठा उस्ताद एक पदवीधर शाळामास्तर होता, हे ध्यानात घ्या. तालीम आणि मैदान यांचे वैर नाही. ज्या मुलाला वेळेवर हजर राहणे, साथीदाराला चेंडू देणे आणि हरल्यावर पुन्हा उभे राहणे मैदानावर कळले, त्याला वर्गातही ते उपयोगी पडते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एकच गोष्ट. नेव्हिल यांच्या पायात चेंडू येईपर्यंत तो दहा जणांच्या मेहनतीतून आलेला असे. गोल करणाऱ्याचे नाव होते, बाकीच्यांचे होत नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल तेव्हा तुमच्यापर्यंत चेंडू पोहोचविणाऱ्या आईवडिलांना आणि गुरुजनांना विसरू नका. अल्लाह तुम्हांस यश देवो.