कापरेकर गुरुजी आणि पुढचं शून्य



आमच्या वेवजीच्या मुलांना डहाणू म्हटलं की समुद्र आणि चिकू आठवतात. त्यांना अजून एक नाव सांगायला हवं: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५. आठव्या वर्षी आई गेली, वडिलांनी वाढवलं. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नसल्यामुळे मोठे गणिती त्यांची फारशी दखल घेत नसत. पण गुरुजींनी अंकांशी खेळणं सोडलं नाही.

त्यांचा हा खेळ करून बघा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच! हाच कापरेकर स्थिरांक.

आता हा खेळ कॉम्प्युटरला शिकवू. क्रम लावताना आपण अंकांकडे अक्षरांसारखं बघतो, म्हणजे स्ट्रिंग. वजाबाकीत तीच संख्या होते. आपण सहज बदल करतो, कॉम्प्युटरला सांगावं लागतं. १२ आणि ५ या स्ट्रिंग असतील तर बेरीज १२५, संख्या असतील तर १७. एक स्ट्रिंग आणि एक संख्या दिली तर पायथन चूक दाखवून थांबतं, जावास्क्रिप्ट मात्र गुपचूप १२५ देऊन मोकळं होतं.

खरी गंमत २१११ मध्ये आहे. २१११ − १११२ = ९९९. संख्या म्हणून ठेवलं तर पुढे ९९९ − ९९९ = ०, खेळ खल्लास! पण चार घरांची स्ट्रिंग म्हणून ०९९९ लिहिलं तर ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४. म्हणून पुढच्या शून्याला किंमत नाही असं मुलांना सरसकट सांगू नका. मोबाइल नंबर, पिनकोड हेसुद्धा स्ट्रिंगच. त्यांची कोणी बेरीज करत नाही.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं आणि गुरुजी जगाला कळले. १९८६ मध्ये ते गेले.

उद्या वर्गात त्यांचं जन्मसाल १९०५ द्या आणि पायऱ्या मोजायला सांगा. पूर्ण सात लागतात!