चार्ल्स एडमंड केल्स

चार्ल्स एडमंड केल्स (२२ ऑक्टोबर १८५६, न्यू ऑर्लिन्स – ७ मे १९२८, न्यू ऑर्लिन्स) हे अमेरिकन दंतवैद्य, संशोधक आणि लेखक होते. दंतवैद्यकात क्ष-किरणांचा वापर रूढ करणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक प्रमुख व्यक्ती मानले जातात. दाताचे चित्र स्पष्ट व प्रमाणबद्ध यावे यासाठी फिल्म आणि क्ष-किरण नळी यांची मांडणी कशी असावी, याविषयी त्यांनी मांडलेले तत्त्व आजही वापरात आहे. या कामात अनेक वर्षे क्ष-किरणांच्या संपर्कात आल्यामुळे त्यांना कर्करोग झाला व त्यात त्यांनी एक हात गमावला.

== सुरुवातीचे जीवन ==

केल्स यांचा जन्म अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. त्यांचे वडीलही दंतवैद्य होते. न्यू यॉर्क येथे दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन १८७८ साली ते पदवीधर झाले आणि न्यू ऑर्लिन्सला परतून त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्यांना विजेच्या उपकरणांची विशेष आवड होती. दवाखान्यातील उपकरणे विजेवर चालवण्याचे प्रयोग त्यांनी त्या काळी केले. १८८५ साली त्यांनी मालव्हिना क्वेरिया यांना मदतनीस म्हणून नेमले. दंतवैद्याची साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. दवाखान्यात स्त्री मदतनीस असल्यामुळे महिला रुग्णांना सोबतीशिवाय उपचारांसाठी येणे सोयीचे झाले.

केल्स यांच्या नावावर सुमारे ३० पेटंट होती. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त व इतर द्रव शोषून घेणारा पंप हे त्यांच्या संशोधनांपैकी एक होय.

== क्ष-किरणांशी परिचय ==

विल्हेल्म रॉन्टजेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतील ऑटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे किरणांसमोर राहावे लागले. केल्स यांनी त्याच वर्षी आवश्यक उपकरणे मिळवून प्रयोग सुरू केले आणि जुलै १८९६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ॲशव्हिल येथे दंतवैद्यांच्या सभेत क्ष-किरणांचे प्रात्यक्षिक दाखवले. जिवंत व्यक्तीच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेणारे अमेरिकेतील पहिले दंतवैद्य म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

१८९९ मध्ये त्यांनी दाताच्या मुळातील नलिकेत धातूची तार ठेवून क्ष-किरण चित्राच्या साहाय्याने मुळाची लांबी ठरवली. आजच्या रूट कॅनाल उपचारात चित्र घेऊन लांबी मोजण्याची जी पद्धत आहे, तिचा हा आरंभ होता.

== चित्राच्या गुणवत्तेविषयीचे कार्य ==

क्ष-किरण चित्र ही एक प्रकारची सावली असते. दिव्यासमोर तिरका धरलेला हात भिंतीवर लांब किंवा आखूड दिसतो, त्याचप्रमाणे फिल्म आणि दात यांच्यातील कोन चुकला तर दाताचे चित्र ताणले किंवा आकसले जाते. फिल्म दाताच्या उभ्या अक्षाला समांतर ठेवावी आणि किरण दोहोंवर काटकोनात पडावेत, असे केल्स यांनी सुरुवातीच्या काळातच सुचवले. त्यासाठी तोंडात फिल्म स्थिर धरणारा धारकही त्यांनी तयार केला. तोंडातील जागा अरुंद असल्यामुळे आणि तेव्हाची उपकरणे कमी शक्तीची असल्यामुळे ही पद्धत लगेच रूढ झाली नाही. पुढे दात व फिल्म यांच्यातील कोन दुभागून किरण सोडण्याची पद्धत प्रचलित झाली. ती सोपी असली तरी तिच्यात आकार बिघडण्याची शक्यता अधिक होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपकरणे सुधारली, तेव्हा समांतर पद्धतीला व्यापक मान्यता मिळाली.

दातांची कीड ओळखण्यासाठी चित्राचा दर्जा विशेष महत्त्वाचा असतो. किडलेल्या भागातील खनिजे कमी झाल्याने तेथून किरण सहज आरपार जातात आणि तो भाग चित्रात गडद दिसतो. परंतु साधारण ३० ते ४० टक्के खनिजांचा ऱ्हास झाल्याशिवाय हा फरक डोळ्यांना जाणवत नाही; म्हणून प्रत्यक्षातील कीड चित्रात दिसते त्याहून खोल असते. दोन दातांच्या फटीतील कीड ओळखताना किरणांचा आडवा कोन चुकल्यास शेजारच्या दातांच्या सावल्या एकमेकींवर चढतात आणि कीड झाकली जाते. अमेरिकन दंतवैद्य हॉवर्ड रायली रेपर यांनी १९२५ साली बाइटविंग पद्धत मांडली. यात रुग्ण फिल्मला जोडलेला पट्टा दातांत धरतो आणि वरच्या व खालच्या दातांचे माथे एकाच चित्रात येतात. फटीतील कीड शोधण्यासाठी हीच पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

== नळीची पारख आणि आजार ==

सुरुवातीच्या क्ष-किरण नळ्यांमध्ये थोडा वायू शिल्लक असे. वापरागणिक त्याचे प्रमाण बदले आणि त्याबरोबर किरणांची भेदनशक्तीही बदले. किरण फार सौम्य असल्यास चित्र अपुरे उमटे, फार तीव्र असल्यास दात, हाड व कीड यांच्या छटांमधील फरक पुसला जाई. त्यामुळे प्रत्येक चित्रापूर्वी नळीची पारख करावी लागे. यासाठी केल्स आणि त्यांचे समकालीन आपला हात नळी व चमकणाऱ्या पडद्याच्या मध्ये धरत आणि हाताची हाडे जशी हवी तशी दिसेपर्यंत नळी जुळवत. रुग्णाला मिळणारे चांगले चित्र अशा रीतीने वैद्याच्या हातावर अवलंबून असे.

बॉस्टन येथील विल्यम रोलिन्स यांनी १९०१ च्या सुमारास क्ष-किरणांच्या घातकतेविषयी इशारा दिला आणि संरक्षक आवरणाचा आग्रह धरला. मात्र त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९१३ मध्ये विल्यम कूलिज यांनी तापलेल्या तारेवर चालणारी नळी तयार केली. तिच्यातील विद्युतप्रवाह व दाब स्वतंत्रपणे ठरवता येऊ लागल्यामुळे हाताने पारख करण्याची गरज संपली. तोपर्यंत केल्स यांच्या हाताची हानी झाली होती. पुढे तेथे कर्करोग उद्भवला. अनेक शस्त्रक्रियांत त्यांची प्रथम बोटे, नंतर पंजा आणि अखेरीस हात काढावा लागला.

== लेखन आणि मते ==

दातांतील जंतुसंसर्गामुळे शरीरातील इतर रोग होतात, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी पसरली होती. केवळ क्ष-किरण चित्रातील संशयास्पद छायेवरून अनेक रुग्णांचे दात सरसकट काढले जात. केल्स यांनी या प्रथेला जाहीर विरोध केला. आपणच रूढ केलेल्या साधनाचा असा वापर होऊ नये, यासाठी त्यांनी लेखन व भाषणे केली. ‘द डेंटिस्ट्स ओन बुक’ (१९२५) आणि ‘थ्री स्कोअर इयर्स अँड नाइन’ (१९२६) ही त्यांची पुस्तके आजारपणाच्या काळात प्रसिद्ध झाली.

दीर्घकाळच्या वेदनांनंतर ७ मे १९२८ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले.

== वारसा ==

फ्रान्समध्ये विकसित झालेले आणि १९८७ साली बाजारात आलेले रेडिओव्हिजिओग्राफी, म्हणजेच आरव्हीजी, हे फिल्मऐवजी संवेदक वापरणारे तंत्र पुढे भारतातील दवाखान्यांतही पोहोचले. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर यांसारख्या तालुक्यांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. फिल्म धुण्याच्या रसायनांसाठी साधारण २० अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. कर्जत परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पावसाळ्यात हवा अत्यंत दमट असते. उष्णता व दमटपणा यांमुळे फिल्मवर धूसरपणा येतो आणि कोवळी कीड नजरेतून सुटू शकते. संवेदकावर चित्र काही क्षणांत पडद्यावर दिसते व त्यासाठी किरणांची मात्राही कमी लागते. डोंगरातील ठाकूर व कातकरी वाड्यांवरून येणाऱ्या रुग्णाला चित्रासाठी पुन्हा खेप घालावी लागणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. त्यामुळे पहिलेच चित्र निर्दोष येणे तेथे अधिक गरजेचे ठरते. याच जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात खारघर व कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत.

संवेदक वापरला तरी कोनाचा नियम बदलत नाही. संवेदक दाताला समांतर नसेल तर संगणकावरील चित्रही विकृत येते. भारतात दंत क्ष-किरण यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. फिल्म किंवा संवेदक यंत्र चालवणाऱ्याने हाताने धरू नये, हा क्ष-किरण संरक्षणातील मूलभूत नियम आहे. केल्स यांच्या पिढीतील वैद्यांना झालेल्या इजांमधून असे नियम घडत गेले.