नामदार गोखले व मळेवाल्यांचें राज्य

मनुष्याची खरेदी-विक्री कायद्यानें बंद झाली म्हणजे गुलामगिरी संपली, असें मानणाऱ्यांनीं कै. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्राचें अवश्य मनन करावें, अशी आमची विनंति आहे.

१८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें वसाहतींतील गुलामगिरी बंद केली, तेव्हां गुलामांच्या धन्यांस २ कोटि पौंड भरपाई देण्याचें ठरलें. गुलामांस एक पैहि मिळाली नाहीं. जमीन, न्यायासन व कारभार यांवर मळेवाल्यांचाच पगडा राहिला. उसाच्या मळ्यांस नवे हात हवे होते. ते १८३४ पासून मॉरिशसला व १८६० पासून नाताळला हिंदुस्थानांतून जाऊं लागले. त्या करारासच गिरमिट म्हणत.

गोखले ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत गरीब घरीं जन्मले. पुण्यास त्यांनीं अल्प वेतनावर अध्यापन केलें व १९०५ सालीं भारत सेवक समाज स्थापिला. वरिष्ठ कायदेमंडळांत १९१० सालीं त्यांनीं नाताळला मजूर पाठविणें थांबविण्याचा ठराव मांडला. १९११ च्या जुलैपासून ती भरती बंद झाली. १९१२ च्या मार्चमध्यें सर्वच गिरमिट रद्द करावें, असा ठराव त्यांनीं आणिला. सरकारनें तो हाणून पाडला. त्याच वर्षीं प्रकृति क्षीण असतांहि ते दक्षिण आफ्रिकेस गेले व गिरमिटमुक्तांवरील ३ पौंडांच्या करास त्यांनीं कसून विरोध केला. तो कर १९१४ सालीं उठला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, अवघ्या ४८ व्या वर्षीं, ते निवर्तले. १९१७ सालीं गिरमिटाची भरती थांबली, ती त्यांना पाहावयास मिळाली नाहीं.

आम्ही वकिलीचा धंदा करणारे. करारभंगाबद्दल दिवाणी दावा लावावा, हें आम्हांस ठाऊक आहे. गिरमिटांत मात्र त्याबद्दल तुरुंग होता. निरक्षराचा आंगठा, अनोळखी देश, पांच वर्षांचें बंधन व स्वतः न निवडलेला धनी, एवढें असतां त्यास करार म्हणणें ही न्यायाची विटंबना होय. गोखल्यांनीं नेमकें ह्याच मर्मावर बोट ठेविलें.

गोखल्यांस गुरु मानणारे गांधीजी १९३६ सालीं आमच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामीं राहावयास आले, ह्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ सालीं होऊनहि, आपल्याच महाराष्ट्रांत मुकादमाची उचल घेतलेलीं अनेक ऊसतोड कुटुंबें ती फिटेपर्यंत फड सोडूं शकत नाहींत. साखर तीच, आंगठाहि तोच! हें पाहूनहि जो स्वस्थ बसतो, त्यानें गोखल्यांच्या तसबिरीस हार घालूं नये, असें आम्हांस वाटतें.