बादशहानं किताब काढून घेतला, पण नागपूर वसवणाऱ्या या गोंड राजाचं काम कुणालाच पुसता आलं नाही

गोंदियाहून नागपूरला जायचं म्हणजे साधारण १३० किलोमीटरचा रेल्वे प्रवास. तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड, कामठी आणि मग इतवारी. कुणी दवाखान्यासाठी जातं, कुणी कॉलेजसाठी, कुणी लग्नाच्या खरेदीसाठी. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चाला जाणारेही असतात.

काम आटोपून हाताशी दोन-चार तास उरले की मग नागपूर बघणं होतं. दीक्षाभूमी, फुटाळा, सीताबर्डीचा किल्ला, झिरो माईल, महालातले भोसल्यांचे वाडे.

या फिरण्यात सिव्हिल लाईन्समध्ये विधानभवनाजवळ एक पुतळा लागतो. बहुतेक जण त्याच्यासमोरून तसेच पुढं जातात. तो पुतळा आहे राजा बख्त बुलंद शाह यांचा.

नागपूर हे राज्याच्या उपराजधानीचं शहर. त्याआधी ते भोसल्यांची राजधानी होतं, नंतर इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी होतं आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाचीही राजधानी होतं. पण या सगळ्याच्या मुळाशी जो माणूस आहे, तो हा गोंड राजा.

त्याची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात नागपुरातून करून चालत नाही. डोंगरात जावं लागतं.

गोंडांची चार राज्यं

मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्यं होऊन गेली. गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा. गढा-मंडला म्हटलं की राणी दुर्गावती आठवते. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, तिथला परकोट आजही उभा आहे.

देवगड मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, जंगलानं वेढलेल्या डोंगरावर हा किल्ला आहे. बाजूला खोल दऱ्या, वर पाण्याची टाकी आणि पडके वाडे. सोळाव्या शतकात इथं जाटबा नावाचा राजा होता. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी' मध्ये त्याची नोंद आहे. त्याच्याकडं २ हजार घोडदळ, ५० हजार पायदळ आणि १०० च्या वर हत्ती असल्याचं त्यात लिहिलंय.

म्हणजे जंगलात राहणारे राजे म्हणून दुर्लक्ष करावं इतकी ही छोटी सत्ता नव्हती.

पण एवढे हत्ती असले की दिल्लीची नजर पडणारच. १६३७ मध्ये मुघल सरदार खान दौरान यानं नागपूरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि देवगडच्या राजाकडून नगद रक्कम आणि हत्ती वसूल केले. पुढं १६६७ मध्ये दिलेरखान चालून आला. हा दिलेरखान म्हणजे पुरंदरच्या वेढ्यातला तोच. खंडणी ठरायची, थकायची आणि मग फौज यायची. देवगडचं हे चक्र दोन-तीन पिढ्या चालू होतं.

नशीब काढणारा राजपुत्र

बख्त बुलंद हे त्याचं जन्माचं नाव नाही. त्याचं मूळ नाव महिपत शाह होतं असं सांगितलं जातं.

देवगडच्या गादीवरून घरातच भांडण पेटलं होतं. गादी मिळवायची तर बादशहाचा पाठिंबा हवा, हे त्या काळचं साधं गणित. महिपत औरंगजेबाच्या दरबारी गेला. त्यानं इस्लाम स्वीकारला, १६८६ च्या सुमारास गादीही मिळवली आणि सोबत किताब मिळाला 'बख्त बुलंद'. याचा अर्थ ज्याचं नशीब उंच आहे असा.

धर्म बदलला म्हणून तो गोंडांपासून तुटला का? तर नाही. राजघराण्याचे लग्नसंबंध गोंडांमध्येच होत राहिले. प्रजेसाठी तो गोंड राजाच राहिला. आज एखाद्याला चटकन एका रकान्यात बसवायची सवय लागलेल्या आपल्याला हे थोडं अवघड वाटतं. त्या काळच्या लोकांना तसं ते वाटलेलं दिसत नाही.

त्या काळात औरंगजेब दख्खनेत उतरलेला होता. त्याची छावणी म्हणजे चालतं शहरच. बाजार, कारखाने, सराफ, कारागीर असं सगळं तिथं होतं. डोंगरी राज्यातून आलेल्या या तरुणानं एक गोष्ट हेरली. फौज पोसायची तर पैसा लागतो आणि पैसा येतो तो शेतीतून आणि बाजारपेठेतून. देवगडच्या डोंगरावर या दोन्ही गोष्टी होणं शक्य नव्हतं.

किताब गेला

बादशहाची मर्जी फार टिकली नाही. १६९१ मध्ये बख्त बुलंदला गादीवरून काढलं आणि घराण्यातल्याच दुसऱ्या दावेदाराला देवगड देण्यात आलं.

दुसरा कुणी असता तर जहागीर घेऊन गप्प बसला असता. बख्त बुलंद मात्र परत आला. त्यानं देवगड ताब्यात घेतलं, उघड बंड केलं आणि मराठ्यांशी हातमिळवणी केली. छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मराठे औरंगजेबाशी जागोजागी लढत होते, तोच हा काळ. वऱ्हाड आणि आसपासच्या मुघल मुलखावर बख्त बुलंदचे हल्ले सुरू झाले.

औरंगजेब चिडला. त्यानं फौज तर पाठवलीच, पण आणखी एक गोष्ट केली. दिलेला किताब काढून घेतला आणि दरबारी कागदांत या राजाचं नाव 'निगूं बख्त' असं लिहायचा हुकूम सोडला. निगूं बख्त म्हणजे ज्याचं नशीब उलटं फिरलंय असा.

गंमत बघा, १७०७ मध्ये औरंगजेब दख्खनेतच गेला, अहमदनगरजवळ. त्यानं चिकटवलेलं नाव आज जुन्या तवारिखांच्या पानांतच सापडतं. लोकांच्या तोंडी राहिलं ते बख्त बुलंद हेच.

बारा खेडी आणि एक शहर

आता मुद्द्याची गोष्ट. नागपूर वसलं कसं?

नाग नदीच्या काठच्या सपाट, काळ्या जमिनीच्या पट्ट्यात बारा लहान खेडी होती. त्यांना 'राजापूर बारसा' म्हणायचे. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, भानखेडा, लेंढरा ही नावं त्या यादीत सांगितली जातात. नागपूरकरांना यातली निम्मी नावं आजही बसच्या पाटीवर वाचायला मिळतात.

बख्त बुलंदनं ही खेडी रस्त्यांनी जोडली, भोवती तटबंदी घालायला सुरुवात केली आणि बाहेरच्या माणसांना बोलावलं. शेतकरी, विणकर, लोहार, व्यापारी. हिंदू असो की मुसलमान, जात कोणतीही असो, जो काम जाणतो त्याला जमीन आणि जागा. शहराच्या स्थापनेचं साल १७०२ मानतात. म्हणूनच २००२ मध्ये नागपूरची ३०० वर्षं साजरी झाली.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याच्या आधी नागपूर हे नावच नव्हतं, असं काही नाही. १६३७ च्या वेढ्याचा उल्लेख वर आलाच. त्याही आधी, वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन या विषयाचा, म्हणजे प्रदेशाचा उल्लेख येतो. तो ताम्रपट इ. स. ९४० चा आहे.

मग बख्त बुलंदनं काय केलं? तर गावांचं शहर केलं. नाव जुनं होतं, किल्लाही होता, पण बाजार, पेठा, रस्ते आणि बाहेरून येऊन राहिलेली माणसं ही त्याची कमाई.

आणि आपला वैनगंगेचा पट्टा?

बख्त बुलंदनं चांदा आणि मंडला या राज्यांकडून जो मुलूख जिंकला, त्यात बालाघाट, शिवनी आणि जुन्या भंडाऱ्याचा भाग होता. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ मध्ये. म्हणजे वैनगंगेच्या या पट्ट्यातल्या बऱ्याच भागाचा तो राजा होता.

त्याची एक खूण तुम्हाला प्रवासातच सापडेल. तुमसर रोडला उतरून तुमसरच्या पुढं सातपुड्याच्या बाजूला गेलं की आंबागड किल्ला लागतो. तो १७०० च्या सुमारास बांधला बख्त बुलंदचा अधिकारी राजा खान पठाण यानं. राजा गोंड, किल्लेदार पठाण आणि मुलूख धानाचा.

माळव्यातून आलेले पोवार लोक याच काळात आधी रामटेकजवळच्या नगरधनला स्थिरावले आणि पुढं वैनगंगेच्या खोऱ्यात पसरले, असं सांगितलं जातं. गोंदिया, तिरोडा, आमगाव भागातल्या कितीतरी घरांचा इतिहास या स्थलांतराशी जोडलेला आहे. गोंदिया या नावाचं मूळसुद्धा काही जण गोंड या शब्दात शोधतात, तर काही जण जंगलातून गोळा होणाऱ्या डिंकात, म्हणजे गोंदात.

तलाव मुलाचा, राज्य भोसल्यांचं

बख्त बुलंदनंतर गादीवर आला चांद सुलतान. त्यानं राजधानी देवगडहून कायमची नागपूरला आणली. शहराची तटबंदी उभारली आणि पाण्यासाठी बांध घालून मोठा तलाव तयार केला, जुम्मा तलाव. त्यालाच लोक शुक्रवारी तलाव म्हणू लागले आणि आज त्याचं नाव गांधीसागर आहे. महालातलं गांधी गेट हाही एकेकाळचा जुम्मा दरवाजा.

१७३० च्या दशकाच्या अखेरीस चांद सुलतान वारला आणि जुनं दुखणं परत वर आलं. बख्त बुलंदचा अनौरस मुलगा वली शाह यानं गादी बळकावली. तेव्हा चांद सुलतानची विधवा राणी रतनकुंवर हिनं वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजींनी वली शाहचा काटा काढला आणि राणीच्या मुलांना गादीवर बसवलं. पुढं त्या दोन भावांतच बिनसलं, रघुजींना परत यावं लागलं आणि १७४३ मध्ये कारभार त्यांच्या हातात गेला तो गेलाच.

गोंड राजाला मान राहिला, किताब राहिला, तनखा राहिला. सत्ता गेली. नंतर आलेल्या इंग्रजांनीही तनखा चालू ठेवला. ज्या घराण्यानं शहर वसवलं, ते आपल्याच शहरात तनख्यावर राहू लागलं. महालात गोंड राजाचा किल्ला म्हणून जी जागा आहे, तिथं या घराण्याचे वंशज आजही राहतात.

मग हे बघायचं कुठं?

पुढच्या वेळी नागपुरात हाताशी अर्धा दिवस असेल तर एवढं करा.

इतवारीला उतरून आधी महालात जा आणि गोंड राजाच्या किल्ल्याचा दरवाजा विचारा. तिथं तिकीटघर नाही, गाईड नाही. लोकांची राहती वस्ती आहे, त्यामुळं बाहेरूनच आणि जपून बघा. तिथून गांधी गेट आणि गांधीसागर तलाव जवळच आहेत. मग बर्डी. तिथल्या किल्ल्याचं बांधकाम १८१७ च्या लढाईनंतरचं, म्हणजे इंग्रजांचं आहे, पण ती टेकडी ज्या गावाची, ते गाव राजापूर बारशातलं. शेवटी विधानभवनाजवळचा पुतळा.

या क्रमानं फिरलात तर शहर कसं वाढत गेलं ते पायाखालीच समजतं. आधी गोंड, मग भोसले, मग इंग्रज, मग आपण.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला दर माघ पौर्णिमेला देशभरातून लाखो गोंड बांधव येतात. त्या गुहेत त्यांच्या धर्माची आणि पूर्वजांची मुळं आहेत, असं ते मानतात. गोंडांचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं, डोंगर, जंगल, गुहा आणि यात्रा. ते खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही.

याच समाजातल्या एका राजानं शेती, बाजार आणि रस्ते यांचा विचार करून शहर उभं केलं. त्या शहरातल्या विधानभवनावर आदिवासींचे मोर्चे हक्क मागायला जातात, तेव्हा ते कुणा परक्याच्या दारात जात नसतात. शाळेच्या सहलीला नागपूरला जाणाऱ्या गोंदियातल्या गोंड पोरापोरींना हे कुणीतरी सांगायला पाहिजे, की हे गाव आपल्या राजानं वसवलंय.